लाल फुल्यांची भिंत

चौसाळ्याला आमचं लोखंड-सिमेंटाचं दुकान होतं, आणि सिमेंट विकता विकता माझे वडील गिऱ्हाइकाला हटकून सांगायचे, "जुन्या चुन्याच्या कामाची सर याला न्हाई." गिऱ्हाईक मान हलवायचं आणि सिमेंटाच्या गोण्या घेऊन जायचं. पुढं मी बीडला तंत्रनिकेतनात इमारतींचे नकाशे काढायला शिकवू लागले. वडिलांचं ते वाक्य मी वीस-बावीस वर्षं वर्गात जसंच्या तसं बोलत आले. त्यात काही तपासून बघायचं असतं असं मला कधी वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी, दसरा झाल्यावर, एका अभ्यासगटाचं पत्र आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी रेल्वेलगत ज्या इमारती बांधल्या गेल्या त्यांची ते नोंद करत होते. आपल्या जिल्ह्यातली एक जागा त्यांना कुठल्या तरी जुन्या नकाशावर सापडली होती. परळीच्या बाजूला एक लहान स्टेशन आहे, त्याच्या मागं. निजामाच्या राज्यात तिथं पलटणीचं सामान उतरायचं. एक लांबलचक दगडी गोडाऊन, त्याला लागून मालधक्का, आणि थोडं अलीकडं पहारेकऱ्यांची एक खोली. गावातले लोक त्याला अजून मिल्ट्रीचं गोडाऊन म्हणतात. गटाच्या कागदावर नुसती लांबी-रुंदी विचारलेली नव्हती. भिंतीत काय काय आहे, दगड कसा बसवलाय, चुना कसला, छप्पर कशावर टेकलंय, आणि बांधणारे कोण, असं सगळं होतं.

वेळ थोडा होता, कारण यार्ड वाढवायचं चाललं होतं आणि ते सगळंच पाडणार होते. तिथल्या रेल्वेच्या अधिकाऱ्यानं, भला माणूस म्हणायचा, मला थोडी सवलत दिली. "आधी पलीकडची क्वार्टरं पाडू. गोडाऊन शेवटी. दीड महिना आहे तुमच्याकडं," तो म्हणाला.

टेपचं दुसरं टोक धरायला आणि चुन्याचं काम ओळखायला मला कुणीतरी हवं होतं. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला विचारलं तर त्यानं निरोप पाठवला आणि सायकल ढकलत एक म्हातारे गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर जाळीची टोपी, हँडलला पिशवी आणि पिशवीतून हातोडीचा दांडा बाहेर आलेला. मी काय करायला आलेय ते सांगितल्यावर ते हसले.

"गोडाऊन मोजायचं? मग माझ्याबिगर कोण मोजणार, बाई? माझ्या अब्बांनी बांधलंय ते. हेडमिस्तरी होते तिथले."

तेव्हापासून मी त्यांना चाचा म्हणू लागले.

पहिले दोन शनिवार-रविवार मला आजही फार सुखाचे वाटतात. मी बीडहून पहाटेच्या एसटीनं यायचे, चाचा धक्क्यावर बसून वाट बघत असायचे. आम्ही आत-बाहेर मोजायचो. भिंत दोन हात जाड, काळ्या दगडाची, आतून-बाहेरून एकसारखी घडवलेली. वर छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि पत्रा. चाचा प्रत्येक दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवर हात फिरवायचे. "हे बघा टाकी मारलेली. आता कोण मारतंय अशी?" मी शिडीवर चढून कैचीची मापं घ्यायचे, ते खाली शिडी भिंतीला दाबून धरायचे. दुपारी आम्ही आत सावलीत भिंतीला पाठ लावून भाकरी खायचो.

जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली. मध्ये भर. या दोन भिंती फुटून अलग होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या अंतरावर एकेक लांब दगड आडवा घालतात, बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत पोचणारा. त्याला आरपार दगड म्हणतात. भिंतीचा सगळा जीव त्यात. गोडाऊनच्या भिंतीवर हे दगड ओळखू येत होते, कारण त्यांची तोंडं बाकीच्यांहून लहान आणि चौकोनी होती. मी बाहेरून मोजले, चाचांनी आतून मोजले. आकडा जुळला. समोरासमोर, एका रेषेत. नियमात सांगतात त्यापेक्षा जास्तच होते.

"बघा," चाचा म्हणाले.

मला त्या दगडांचा एक फोटो हवा होता ज्यात ते सगळे एका नजरेत दिसतील. पांढरा खडू त्या चुन्याच्या डागांनी भरलेल्या भिंतीवर दिसेना. मग मी स्टेशनासमोरच्या दुकानातून लाल तेलखडूची पेटी आणली आणि प्रत्येक आरपार दगडावर एकेक ठळक फुली मारली. बाहेरून. उत्तरेची पूर्ण भिंत.

चाचा थोडं लांब उभं राहून बघत होते. "लाल कावून, बाई?"

"फोटोत उठून दिसतो."

"तिकडं क्वार्टरांवर बी लालच फुल्या हायत की."

मी "असू द्या" म्हणाले. मला नीट आठवतंय, मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. प्रकाश छान होता आणि मला फोटो घ्यायचा होता.

पुढच्या शनिवारी मी एसटीतून उतरले, स्टेशनाच्या मागच्या वाटेनं निघाले, आणि समोर नेहमीचं काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. गोडाऊनच्या मागं एक बाभळीचं बन आहे, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? मध्ये गोडाऊन असायचं. तरी माझे पाय चालत राहिले. मी जिथं दार होतं तिथं जाऊन थांबले, जसं काही कडी काढून आत जायचंय. पुढं दगडांचा ढीग होता, त्यावर वाकडे झालेले पत्रे, आणि एका दगडावर माझी फुली. मग दुसऱ्या दगडावर. मग बघावं तिथं.

चाचा धक्क्यावर नव्हते. ते ढिगापलीकडं जेसीबीच्या पुढ्यात उभे होते आणि ऑपरेटरला विचारत होते, "काय केलं बे हे? काय केलं?" पुन्हा पुन्हा तेवढंच. ऑपरेटर तिशीतला, दिंद्रुडकडचा माणूस, गाडीच्या पायरीवर उभा होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काका, मला ठेकेदारानं फोनवर सांगितलं, लाल फुली हाय ते आधी पाड. मी आलो तर ह्या भिंतीवर फुल्याच फुल्या. क्वार्टरावर एक एक, आन् इथं शंभर. मी म्हणलं हीच असंल घाईची."

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"फुल्या मी मारल्यात," मी ऑपरेटरला म्हणाले. मी खाली बसले. माती ओली होती की कोरडी तेही मला सांगता येणार नाही. नोंद करायला आले होते मी. माझ्या हातानं, माझ्या खडूनं मी ती इमारत दाखवून दिली होती. दोन वाक्यं मनात फिरत होती, लाल कावून आणि असू द्या, लाल कावून आणि असू द्या.

मी अधिकाऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, एवीतेवी पाडायचीच होती. महिनाभर आधी झालं, एवढंच. त्रास करून घेऊ नका." ठेकेदार तर खूशच होता. कुणीच मला रागावलं नाही, आणि त्यानं मी अजूनच गारठले.

तेवढ्यात ऑपरेटर एक गोष्ट बोलला. स्वतःशीच बोलल्यासारखा. "पण मॅडम, एक सांगू का. मी जोर लावलाच न्हाई. नुसता हात टेकवला बकेटीचा. सगळी भिंत एकदम बसली, आन् छपरानं बाकीच्या बी ओढल्या. माती गळाल्यासारखी. मी घाबरून गाडी मागं घेतली. दगडाचं काम असं पडत न्हाई कधी."

चाचांनी मान वर केली. "काय म्हणलास?"

ते ढिगावर चढले. त्या वयात, त्या निसरत्या दगडांवर, मी नको नको म्हणत असताना. पत्र्याखालची भिंत अर्धी तुटून उभी होती, तिची कूस उघडी पडली होती. चाचा तिथं वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मला हाक मारली, "बाई, वर या. जपून."

बाहेरची भिंत होती. आतली भिंत होती. दोन्हींमध्ये चुन्याची भर हवी तिथं काळी माती होती, शेतातली, कोरडी, चिरा गेलेली, आणि तिच्यात गवताची जुनी मुळं. आणि आरपार दगड आरपार नव्हते. माझी फुली असलेला एक दगड चाचांनी हातानं ओढला. तो सहज बाहेर आला. जेमतेम वीतभर लांब होता. त्याच्या बरोब्बर समोर, आतल्या बाजूनं, तसाच दुसरा वीतभराचा दगड. दोघांच्या मध्ये हातभर माती. बाहेरून आणि आतून मोजले तर आकडा जुळणारच. तसा जुळावा म्हणूनच ते समोरासमोर बसवलेले होते.

चाचांनी दुसरा ओढला. तिसरा. चौथा ओढताना मी त्यांचा हात धरला.

माझ्या पिशवीत उत्तरेच्या भिंतीचा छेद होता, म्हणजे भिंत उभी कापली तर आत जसं दिसेल तसा नकाशा, शाई दिलेला, तयार. त्यात मी सगळे आरपार दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत काढलेले होते. म्हणजे भिंत पडली नसती तर मी खोटा नकाशा पाठवला असता, आणि खाली माझी सही असती. आणि या भिंतीला टेकवलेल्या शिडीवर मी दोन आठवडे चढत होते. या भिंतीला पाठ लावून आम्ही भाकरी खाल्ली होती.

ऑपरेटरनं गाडी बंद केली आणि स्टेशनावरून चहा आणला. चाचांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

"अब्बा आमाला दर ईदीला इथं आणायचे," ते म्हणाले. "सगळ्या पोराबाळांला. धक्क्याच्या पलीकडं उभं करायचे आन् बोट दाखवायचे. ये मइंच बांध्या, म्हणायचे. एकदा आम्ही असंच आलतो आन् वळवाची सर आली. आमी सगळी पळत गोडाऊनात शिरलो. अब्बा न्हाई आले. पावसात उभे राहून वरडत होते, बाहेर या, बाहेर या म्हणून. मारलं आमाला त्या दिवशी. कधी हात न लावणारा माणूस." त्यांनी कप खाली ठेवला. "आमाला वाटलं, सायबाची जागा म्हणून भेतात. जिंदगीभर ते कधी त्या छपराखाली गेले न्हाईत, बाई. मी कधी इचारलंच न्हाई कावून ते."

ऑपरेटरनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

आणि मग मी ते बोलले, जे आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. मी म्हणाले, "चाचा, हे नकाशात काढायलाच पाहिजे असं नाही. भिंत तर गेली. मापं आहेत, फोटो आहेत. आत काय होतं ते कुणाला कळणार?"

ते माझ्याकडं बघत राहिले, जणू मी त्यांना ओळखीची वाटेना.

"तुमी पोरांला शिकवता ना?" ते म्हणाले. "मग? खरं हाय ते लिव्हा. फक्त चोरी अब्बांनी केली असं लिव्हू नका. कुणी केली ते तुमाला म्हाईत न्हाई, मला बी न्हाई. सायबानं केली का ठेकेदारानं केली का आमच्या म्हाताऱ्यानं. चुना आलाच नसंल लढाईच्या टायमाला. माती हाय, तर माती लिव्हा."

ठेकेदारानं ढिगाला तीन दिवस हात लावणार नाही असं कबूल केलं. मी कॉलेजातून रजा काढली. ऑपरेटर स्वतःच्या सुट्टीत आला आणि त्यानं पत्रे हळूहळू उचलून बाजूला ठेवले, एखाद्या जखमेवरची पट्टी काढावी तसे. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आता ही बांधकामाची नोंद उलट्या बाजूनं चालली होती, पडलेल्यापासून उभ्यापर्यंत. पाया बघितला, तो चांगला होता, खडकापर्यंत गेलेला. खालचे दोन थर चुन्यात होते. तिसऱ्या थरापासून माती. म्हणजे तपासायला येणारा माणूस तिथपर्यंतच आला असावा, किंवा चुना तिथंच संपला असावा. मी कागदावर फक्त थर लिहिले.

चार कोपरे मात्र उभे होते. आजूबाजूची भिंत बसली तरी कोपरे तसेच, खांबासारखे. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्यातल्या एकावर हातोडी मारली तर वेगळाच आवाज आला. आम्ही एक बाजू उकलली. तिथले दगड लांब होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले, आणि मध्ये खराखुरा चुना, इतका पक्का की छिन्नी सटकत होती. चारही कोपरे तसेच. इतकी वर्षं कैच्यांचं वजन पेललं होतं ते बहुतेक त्यांनीच.

"जेवढा मिळाला तेवढा इथं घातला आसंल," चाचा पुटपुटले. मग लगेच म्हणाले, "हे लिव्हू नका. हा माझा अंदाज हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते अचानक उठून उभे राहिले. "बाई, ती खोली."

पहारेकऱ्यांची खोली. मी ती शेवटच्या आठवड्यासाठी ठेवली होती. सीताफळांचे दिवस होते, आणि स्टेशनावर सीताफळं विकणाऱ्या चार बायका त्या खोलीत पाट्या ठेवायच्या आणि दुपारी भिंतीच्या सावलीला आडव्या व्हायच्या. वर्षानुवर्षं. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. त्यातली सर्वांत वयस्क बाई चाचांच्या नात्यातली होती.

"आपा, बाहेर या. सगळ्या. पाट्या नंतर काढा."

"कावून? साप हाय का?"

"भिंत खोटी हाय."

ती हसली. "ऐंशी वर्षं उभी हाय ती खोटी, आन् तुमी कालचे खरे? आता ऊन खाली होईपरेंत मी न्हाई उठत."

चाचांनी वाद घातला नाही. खिशातून छिन्नी काढली, बाहेरच्या बाजूचा एक चौकोनी दगड निवडला आणि त्याच्या कडेनं हलकेच ठोकायला लागले. हा तरी लांब निघू दे, असं मी मनात म्हणत होते, कुणाला म्हणत होते माहीत नाही. दगड हलला, आणि वीतभर बाहेर येऊन चाचांच्या हातात पडला. भोकातून काळी माती घरंगळली, धार धरून, बराच वेळ. म्हाताऱ्या बाईनं ती बघितली. ती उठली, पहिली पाटी उचलली, आणि बाकीच्या तिघी तिच्यामागं निघाल्या. त्यांच्यातली एक दारात थबकून म्हणाली, "माझी लेक हितंच झोपवायचे मी पाळण्यात," आणि पाटी तशीच डोक्यावर धरून उभी राहिली. तिला हात धरून बाहेर आणावं लागलं.

ती खोली त्याच आठवड्यात पाडली. या वेळी फुली अधिकाऱ्यानं स्वतः मारली.

मी नवे नकाशे काढले. जुना, खोटा छेद मी फाडला नाही. नव्याबरोबर पाठवला आणि खाली लिहिलं की बाहेरून मोजून काढलेला हा आहे, उघडून काढलेला हा आहे. फुल्या कुणी मारल्या आणि काय झालं तेही लिहिलं. गटाकडून उत्तर आलं, नीट सभ्य, आणि त्यात एकच शंका होती. 'बांधणारे' हा रकाना मी मोकळा ठेवला होता.

मी चाचांना फोन केला. वडिलांचं नाव टाकू का, नको का, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. आठ-दहा दिवस फोन आला नाही. मला वाटलं विषय संपला, आणि मी त्यांना पुन्हा विचारायला धजले नाही. मग एका सकाळी वर्ग चालू असताना फोन वाजला. मी बाहेर व्हरांड्यात आले.

"बाई, किती कागद हायत?"

"मोठे दोन. एक भिंतीचा, एक कोपऱ्यांचा."

"नुसत्या कोपऱ्याच्या कागदावर टाकणार असाल तर राहू द्या," चाचा म्हणाले. "टाकायचं आसंल तर भिंतीच्या कागदावर बी टाका. दोन्हीवर."

मी दोन्हीवर टाकलं. त्यांनी अब्बांच्या नावाची अक्षरं फोनवर एकेक करून सांगितली, आणि मी व्हरांड्याच्या कठड्यावर वही ठेवून ती लिहून घेतली.